सासऱ्यांच्या वेताच्या खुर्च्या दुरुस्त कराव्यात की मोडीत काढाव्यात?

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं बोलणं कळेल. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत तुम्ही बोरिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहताय. सासऱ्यांच्या वेळच्या चार वेताच्या खुर्च्या, एक लांब हातांची आरामखुर्ची आणि एक गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची सोबत आणली आहे. दोन खुर्च्यांचा वेत फाटलाय, दोन खुर्च्यांचा नुसता खोलगट झालाय आणि एक खुर्ची डुगडुगते. भंगारवाला सगळ्यांचे मिळून किरकोळ पैसे देतोय. सुतार म्हणतोय, वेत काढून प्लायवूड ठोका, वर फोम लावा. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा दहावीत आहे. जेवणाचं टेबल एकच, अभ्यासही त्यावरच. आणि तुम्ही विचारलंय, दुरुस्त करू की नवीन घेऊ?

मी दादरला जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं काम करते. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक हाच प्रश्न घेऊन येतात आणि त्यांचं सगळं लक्ष खर्चावर असतं. मला वाटतं, तुमच्या घरात आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. जेवायला अर्धा तास बसणं, अभ्यासाला तीन-तीन तास बसणं आणि म्हाताऱ्या माणसानं कुणाच्या मदतीशिवाय बसणं-उठणं, ही तीन कामं निराळी आहेत. एकच खुर्ची तिन्हींना पुरत नाही. तेव्हा सहा खुर्च्यांपैकी कुठली कुणाच्या कामाची आहे ते आधी ठरवा. जी कुणाच्याच कामाची नाही तिच्यावर पैसे घालायची घाई नको, मग लाकूड कितीही उंची असो.

मी खुर्च्या प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत, फक्त तुमचे फोटो पाहिलेत, त्यामुळे बरंच काही तुम्हालाच तपासावं लागेल. सुरुवात सांगाड्यापासून करा. फाटलेला वेत डोळ्यांत भरतो, पण तो बदलता येतो. खुर्चीचं आयुष्य तिच्या सांध्यांत असतं. घरातली सपाट लादी शोधा, खुर्ची तिच्यावर ठेवा आणि बैठकीचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं दाबा. एखादा पाय उचलला जात असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पाय झिजलेला असू शकतो. मग एका हातानं पाठ आणि दुसऱ्या हातानं बैठकीची पुढची कड धरून हलकेच पिळा. सांध्यातून करकर आवाज आला किंवा फट उघडताना दिसली तर तो सांधा सुटलाय. बहुतेक खुर्च्या एकाच जागी जातात, मागचा पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथे. कारण लोक मागच्या दोन पायांवर रेलतात आणि सगळा भार त्या दोन सांध्यांवर येतो.

सुटलेला सांधा ही चांगली बातमी आहे, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. जुने सुतार एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून सरस लावत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो पाण्यानं आणि उष्णतेनं सुटतो. म्हणून जुनी खुर्ची लाकूड न फोडता पूर्ण मोकळी करता येते, खाचा साफ करता येतात आणि नव्यानं जोडता येते. मात्र फटीत वरून फेविकॉल ओतून चालत नाही. जुन्या सरसाच्या थरावर तो धरत नाही, महिन्याभरात खुर्ची परत डुगडुगते. सांधा उघडायचा, जुना सरस खरवडायचा, मग नवा डिंक लावून शिकंजात रात्रभर आवळून ठेवायचा. तुमचा सुतार ‘दोन खिळे मारतो, होईल घट्ट’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी खिळा गंजतो, भोवतीचं लाकूड काळं पडतं आणि पुढच्या खेपेला तो सांधा न फोडता उघडता येत नाही.

दुसरी तपासणी किडीची. खुर्ची आडवी करून पायांखाली पांढरा कागद पसरा आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोका. बारीक भोकं असतील आणि त्यांतून फिकट, ताजी भुकटी पडली, तर कीड जिवंत आहे. भोकं काळपट, जुनी आणि भुकटी नाही, तर काम संपवून ती कधीच गेलेली असू शकते. सागाचा आतला गाभा किडीला सहसा दाद देत नाही. कडेचा फिकट पट्टा मात्र ती आवडीनं खाते. जिवंत कीड असलेली खुर्ची उपचार होईपर्यंत बाकीच्यांजवळ ठेवू नका, भाड्याच्या घरात तर नाहीच.

आता सुताराच्या फोमच्या सल्ल्याबद्दल. वेताच्या बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं असतात. चौकट तिथे आधीच टपाल तिकिटाच्या कडेसारखी असते. त्याच रेषेत प्लायवूडचे खिळे किंवा स्क्रू गेले की लाकूड भोकांच्या ओळीनं चिरतं, आणि मग तिथे परत वेत कधीच भरता येत नाही. शिवाय प्लाय आणि फोममुळे बैठक दोन-अडीच इंच वर येते. जेवणाचं टेबल बहुधा तीस इंच उंच असतं आणि बैठक सतरा-अठरा. मधल्या बारा-तेरा इंचांत मांड्या, हात आणि ताट यांचा हिशेब बसवलेला असतो. बैठक वीस इंचांवर गेली की मांड्या टेबलाला घासतात आणि बुटक्या माणसाचे पाय अधांतरी लोंबतात. आणि ऑक्टोबरात रेक्झिनच्या फोमवर तासभर बसून बघा. वेत आपल्या हवेत टिकून राहिला तो खालून वारा लागतो म्हणून.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतः गादीची बैठक सुचवते. भोकांची ओळ आधीच चिरली असेल तर वेताचा ताण ती चौकट सहन करणार नाही. तेव्हा चौकटीच्या आत बसेल अशी सुटी फळी करून, तिच्यावर नवार ताणून, पातळ गादी लावायची. खिळा एकही नाही, हवी तेव्हा उचलून बाजूला काढता येते.

वेत भरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण काम कसं होतं ते माहीत असलं की कारागिराशी नीट बोलता येतं. वेताच्या वेलाची चकचकीत साल काढून तिच्या लांब पट्ट्या करतात. त्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवल्या की लवचिक होतात. मग सहा फेरे. पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा पण पहिल्याच्या किंचित बाजूला, चौथा आडवा आणि विणत जाणारा. तिथपर्यंत चौकोनी जाळी तयार होते, तिला अजून जोर नसतो. पाचवा आणि सहावा फेरा तिरके, एकमेकांना छेद देणारे. ते पडले की अष्टकोनी भोकं उमटतात आणि जाळी ढोलाच्या चामड्यागत ताठ होते. पट्ट्या ओल्या असताना ओढलेल्या असतात, वाळल्यावर आणखी आवळतात. शेवटी भोकांवरून एक रुंद पट्टी फिरवून कड झाकली की झालं. बोटांना सहाही फेरे मोजता येतात, म्हणूनच अंध कारागिरांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आणि त्यांतले कित्येक डोळस कारागिरांपेक्षा सारख्या ताणाचं काम करतात. तुमच्या ओळखीत अंधांच्या एखाद्या संस्थेची कार्यशाळा असेल तर तिथे आधी विचारा.

कारागिराला दोन गोष्टी विचारा. सहा फेरे की चार? आणि वेत की प्लास्टिक? चार फेऱ्यांचं काम लवकर होतं, स्वस्त पडतं, दिसायला बरं दिसतं आणि वर्षभरात खोलगट होतं. प्लास्टिकच्या पट्टीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. गॅलरीत, पावसाचे शिंतोडे येतात तिथे ती टिकते. पण ती ताणली जाते आणि ओली करून परत आवळत नाही, आणि घामट दिवसांत अंगाला चिकटते. चांगला वेत आपल्याकडे ईशान्येकडून आणि अंदमानातून येतो, काही बाहेरच्या देशांतून. इंडोनेशियानं २०१२ पासून कच्च्या वेताच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हापासून सारख्या जाडीची बारीक पट्टी मिळवायला आम्हाला जास्त फिरावं लागतं. म्हणून कारागिरानं माल आणायला वेळ मागितला तर तो टाळाटाळ करतोय असं लगेच समजू नका.

ज्या दोन खुर्च्यांचा वेत फाटलेला नाही, नुसता खोलगट झालाय, त्यांच्यासाठी पैसे देऊन काही करायची गरज नाही. खुर्ची उलटी करा. वेताची वरची बाजू गुळगुळीत असते, ती पाणी पीत नाही. खालची सच्छिद्र असते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं जाड फडकं खालून अर्धा तास ठेवा, मग खुर्ची सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या, मध्ये कुणी बसायचं नाही. पट्ट्या तुटलेल्या नसतील तर जाळी पुष्कळ वर येते. एसीच्या खोलीत ठेवलेल्या खुर्चीला तर हे अधूनमधून करायलाच हवं, कोरड्या हवेत वेत ठिसूळ होतो. आणि घरात सगळ्यांना एकदा सांगून ठेवा की वेताच्या खुर्चीवर उभं राहून पंखा पुसायचा नाही, तोरण बांधायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. बसलेल्या माणसाचं वजन जाळीभर पसरतं, टाचेचं वजन चार पट्ट्यांवर येतं. आमच्याकडे येणाऱ्या फाटक्या बैठकांत गुडघ्याएवढं भोक पडलेल्याच जास्त असतात, आणि त्या गणपती-दिवाळीच्या पुढे-मागे येतात.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंय की आरामखुर्ची त्यांच्यासाठी ठेवायचा विचार आहे. इथे मी तुम्हाला थांबवते. आरामखुर्ची पडून राहायला उत्तम, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठणं फार अवघड. बैठक बुटकी असते आणि मागे उतरती, त्यामुळे बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या खाली जाते. उठताना माणूस काय करतो ते पाहा. पाय मागे घेतो, धड पुढे झुकवतो, वजन पावलांवर आणतो आणि मग सरळ होतो. आरामखुर्चीत पाय मागे घेता येत नाहीत आणि धड पुढे आणायला पोटाचा आणि हातांचा सगळा जोर लागतो. मग त्या दर वेळी तुम्हाला हाक मारतील, किंवा हाक मारायचा संकोच वाटून उठायचंच टाळतील. दुसरी गोष्ट जास्त वाईट. गुडघे न हलवल्यानं आखडतात, आणि संकोचापायी पाणीही कमी प्यायलं जातं.

त्यांच्यासाठी खुर्ची निवडताना टेप घेऊन बसा. त्यांना पावलं जमिनीवर सपाट टेकवून बसवा आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. बैठक तेवढी किंवा इंच-दोन इंच जास्त उंच असावी. त्याहून फार उंच केली तर पाय टेकणार नाहीत आणि मांडीखाली कड रुतेल. बैठक पुढून मागे इतकीच खोल असावी की पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरेल. आणि खुर्चीला हात हवेतच. घट्ट, बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले, ज्यांवर तळवे टेकून जोर देता येईल असे. तुमच्या चारही वेताच्या खुर्च्यांना हात नाहीत असं फोटोवरून वाटतं. म्हणजे त्या सासूबाईंच्या नाहीत, कितीही छान भरून घेतल्या तरी. नवीन घ्यायचीच असेल तर ती एक खुर्ची, त्यांच्यासाठी, हातांची, लाकडी. उंची थोडी कमी पडली तर सुताराकडून चारही पायांना खाली सारख्या उंचीचे रुंद लाकडी ठोकळे घट्ट बसवून घ्या. सुट्या विटा, पुस्तकं किंवा घसरणारे रबरी तुकडे खाली ठेवू नका.

प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल सावध करते, कारण बहुतेक घरांत आजी-आजोबांना तीच देतात. हलकी असते म्हणून. पण गुळगुळीत, जरा ओल्या लादीवर हातांवर जोर देऊन उठताना तिचे पाय फाकतात आणि हात वाकतात. उन्हात राहिलेली जुनी असेल तर पाय अचानक मोडतो. बाथरूममध्ये तर ती नकोच. तिथे रबरी टोपणं असलेलं, नहाण्यासाठीच बनवलेलं स्टूल वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतं. आणि सासूबाईंना योग्य उंचीवरूनही उठता येत नसेल किंवा उठल्यावर तोल जात असेल, तर ते काम फिजिओथेरपिस्टचं आहे, माझं नाही. खुर्ची घेण्याआधी त्यांना दाखवा.

मुलाच्या अभ्यासाला वेताची सरळ पाठीची खुर्ची चालेल, फक्त दोन अटी पाळा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि कोपरं टेबलाच्या पातळीला आली पाहिजेत, खांदे वर चढता कामा नयेत. टेबल उंच पडत असेल तर खाली पातळ उशी द्या आणि पायांखाली पाट. सरळ पाठीला कंबरेच्या खळगीत गुंडाळलेला टॉवेल ठेवला तर बरं वाटतं. अर्ध्या-पाऊण तासानं त्यानं उठावं, हे मात्र कुठल्याही खुर्चीला लागू आहे. चाकांची, उंची बदलणारी खुर्ची चांगली असते, पण वन बीएचकेत तिला मागे सरकायला जागा लागते. पुढच्या घरात त्याला स्वतःचा कोपरा मिळाला की तेव्हा घ्या.

गोल बैठकीच्या खुर्चीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त उत्सुकता तिचीच आहे. वाफेवर लाकूड वाकवून खुर्च्या करायची पद्धत एकोणिसाव्या शतकात मिखाएल थोनेट या जर्मन कारागिरानं रूढ केली. त्याच्या कारखान्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ मध्ये आली. बीच नावाच्या युरोपातल्या झाडाच्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुटे भाग केले की एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून त्या जहाजांतून जगभर गेल्या. आपल्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसतात त्या याच घराण्यातल्या. तुमची मूळची आहे की नंतरची नक्कल हे फोटोवरून सांगता येणार नाही. बैठकीच्या गोल कडीच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा. कागदी चिठ्ठीचे अवशेष किंवा लाकडात उमटवलेलं नाव दिसलं तर ते घासू नका, त्यावर पॉलिशही नको. डुगडुगणारी खुर्ची हीच असेल तर तिला डिंकाची गरज नसेल. खालचे स्क्रू आवळून पाहा. स्क्रू भोकात नुसता फिरत असेल तर कारागिराकडून भोक लाकडानं भरून घ्यावं लागेल. जाड स्क्रू घुसवू नका, वाकवलेलं लाकूड उभं चिरतं.

काहीही विकायचं ठरलं तरी भंगारवाल्याला नको. भेंडीबाजाराजवळ चोरबाजारातली मटण स्ट्रीट किंवा जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, दोन्हीकडे जुन्या सामानाची पारख असलेले व्यापारी आहेत. किमान तीन दुकानांत फोटो दाखवा, आणि विकायच्या खुर्चीला आधी पॉलिश करू नका. जुनी झळाळी गेली की पारखी माणूस भाव कमी करतो.

आरामखुर्चीचं माझं मत असं. तिला पाय पसरून जवळजवळ सहा फूट जागा लागते आणि तिच्यात दुपारी पडून राहणारं माणूस लागतं. तुमच्या घरात आत्ता दोन्ही नाही. नव्या घराला गॅलरी असेल आणि तोपर्यंत कुणा नातेवाइकाकडे ती वापरात राहणार असेल, तर तिथे पाठवा. वापरातली खुर्ची बंद खोलीतल्या खुर्चीपेक्षा नीट राहते.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी सुटलेले सांधे, मग वेत, मग पॉलिश. पॉलिश करायचं असेल तर आधी जुनं कुठलं आहे ते पाहा. आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे, आणि सगळं खरवडून न काढता त्यावरच नवा हात देता येतो. फक्त पावसाळ्यात करू नका. हवेतल्या ओलाव्यानं चपडा पांढरट पडतो. दसऱ्यानंतर कोरडी हवा लागली की द्या. वेताचं काम पावसातही होतं.

ज्या खुर्च्या ताबा मिळेपर्यंत बाजूला ठेवायच्या आहेत त्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत बुरशी धरते. जुनी सुती चादर पुरे. माळ्यावर टाकायच्या असतील तर गळती कुठे आहे ते आधी पाहा आणि एकीवर एक रचताना वरच्या खुर्चीचे पाय खालच्या वेतावर टेकू देऊ नका. टेम्पोत चढवताना पाठीच्या वरच्या पट्टीला धरून उचलू नका, बैठकीच्या चौकटीला धरा. हमालांना हे निघायच्या आधी सांगावं लागतं. आणि जमलं तर डुगडुगणारी खुर्ची उलटी करून मागच्या दोन सांध्यांचा जवळून फोटो टाका, सासूबाईंच्या गुडघ्यामागचं मापही लिहा. त्यावरून हातांची खुर्ची किती उंच घ्यायची ते नक्की सांगेन.